बिनतारी जोडणी कोणाच्या हातीं?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीच्या अखेरीची गोष्ट. दहावीचा निकाल लागला होता आणि अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज भरण्याची धांदल चालली होती. एके दिवशीं सायंकाळीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील घरीं आले. गृहस्थ गवंडीकाम करणारे. कामावरून तसेच आलेले. पतपेढींतून कर्ज काढावयाचें आहे, त्यासाठीं शाळेंतील कोणा शिक्षकाचें पत्र मिळाल्यास बरें, असें त्यांनीं मोठ्या संकोचानें सांगितलें. कर्ज कशास, म्हणून विचारतां ते म्हणाले, "सर, पोराचा कॉम्प्युटर गेला. दुकानांत दाखवला, सातशे रुपये घेऊन त्यांनीं सगळं नवं टाकून दिलं. पण आतां वायफायच धरत नाहीं. ते म्हणतात, मशीन जुनं झालं, दुसरं घ्या. बत्तीस हजार सांगितले. आणि फॉर्मची तारीख तर परवाची आहे."

आम्हीं पत्र देण्याचें नाकारलें नाहीं. इतकेंच म्हटलें कीं, एक दिवस थांबावें आणि तो संगणक आम्हांस दाखवावा. येथें एक गोष्ट प्रांजळपणें कबूल केली पाहिजे. आम्ही थांबलों तें बत्तीस हजारांचा आकडा ऐकून, ज्ञानाच्या बळावर नव्हे. वीस वर्षें आम्ही मुलांस गणित आणि विज्ञान शिकवीत आहों. आरशावरून किरण कसा परावृत्त होतो ती आकृति डोळे मिटून फळ्यावर काढूं. परंतु घरांतील संगणक बिनतारी जाळ्याशीं कसा जोडला जातो, हें त्या गृहस्थांपेक्षां आम्हांस फारसें अधिक ठाऊक नव्हतें. दुसऱ्या दिवशीं संगणक टेबलावर ठेवून आम्ही जाळ्यांच्या नांवांची यादी शोधीत बसलों होतों. वसतिगृहांतील नववीची एक मुलगी गृहपाठाच्या वह्या घेऊन आली होती. ती मागें उभी राहून बराच वेळ पाहत होती. शेवटीं न राहवून तिनें विचारलें, "सर, पण आपल्यांत वायफायचं कार्ड आहे, हें त्या मशीनला तरी माहीत आहे का?"

प्रश्न साधा होता, पण सारें रहस्य त्यांत होतें. डिव्हाइस मॅनेजर उघडून पाहतां तें कार्ड 'इतर उपकरणें' या सदराखालीं, जवळ पिवळें त्रिकोणी चिन्ह घेऊन, अनोळखी पाहुण्यासारखें बसलेलें आढळलें. दुकानदारानें जुनी प्रणाली पुसून नवी घातली होती. परंतु या कार्डाशीं बोलावें कसें हें संगणकास शिकविणारी जी लहानशी आज्ञावली, जिला ड्रायव्हर म्हणतात, ती घालावयाची राहिली होती. ती मिळते इंटरनेटवर, आणि इंटरनेट तर त्या कार्डावांचून मिळत नाहीं! विहिरीचा दोरच विहिरींत पडावा, तशी ही अवस्था. मुलीनें त्यावर उपाय सांगितला. आमचा मोबाइल तिनें तारेनें संगणकास जोडला, मोबाइलचें इंटरनेट त्या तारेवाटे संगणकास दिलें, आणि ड्रायव्हर उतरवून घेतला. वीस मिनिटें लागलीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्याच संगणकावर मुलाचा अर्ज भरला गेला. पत्र लिहिण्याचा प्रसंग आला नाहीं.

त्या दुकानदारास आम्ही लबाड म्हणत नाहीं. त्यासही कदाचित् ठाऊक नसेल. किंवा सातशे रुपयांत अधिक वेळ घालविणें त्यास परवडत नसेल. पण एका कुटुंबाच्या माथीं दोन वर्षांचें कर्ज बसण्याची वेळ आली होती, आणि तीही यंत्र बिघडल्यामुळें नव्हे, तर त्यास काय विचारावें हें आपणां कोणासच ठाऊक नसल्यामुळें. म्हणूनच यंदाच्या अंकांत या विषयावर लिहावें असें आम्हांस वाटलें. आमचें मत स्पष्ट आहे. ज्या घरीं संगणक आहे, त्या घरांतील शाळेंत जाणाऱ्या मुलास अथवा मुलीस बिनतारी अडॅप्टर बसवितां, तपासतां आणि सांभाळतां आला पाहिजे. आणि तो येत नसेल तर तो दोष मुलाचा नसून आमचा, म्हणजे शाळेचा, आहे.

आतां हें अडॅप्टर म्हणजे आहे तरी काय? बाजारांत त्यास वायफाय कार्ड किंवा, बाहेरून यूएसबीच्या खांचेंत लावण्याचें असल्यास, डोंगल म्हणतात. वस्तुतः तो एक लहानसा रेडिओ होय. मात्र केवळ ऐकणारा नव्हे, बोलणाराही. ज्या ८०२.११ या नांवाच्या नियमावलीस अनुसरून तो बोलतो, ती प्रथम १९९७ सालीं प्रसिद्ध झाली. तेव्हां त्याचा वेग सेकंदास दोन मेगाबिट इतकाच होता. १९९९ सालीं तो अकरावर गेला, आणि पुढें वाढतच आहे.

या विद्येशीं आपला संबंध परका नाहीं, हें विद्यार्थ्यांस सांगावेंसें वाटतें. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर लाफाँ यांच्या हाताखालीं शिकलेले जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलांत विद्युल्लहरी भिंतींतून पलीकडे पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखविली. आज आपल्या घरांतील राउटर भिंतीपलीकडच्या संगणकाशीं बोलतो तो त्याच जातीच्या लहरींनीं. दुसरी एक गोष्ट आमच्या पिढीच्याही विस्मरणांत गेली आहे. १९३३ च्या कायद्याप्रमाणें या देशांत बिनतारी यंत्र नुसतें जवळ बाळगण्यासही परवाना लागे. आमच्या आजोबांच्या वेळीं रेडिओचा परवाना काढण्यास लोक पोस्टांत जात असत. अल्प शक्तीच्या ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत आपलें बहुतेक वायफाय चालतें, तो २००५ सालीं सरकारनें परवान्यावांचून सर्वांस खुला केला. ज्यासाठीं पूर्वी सरकारी कागद लागे, तें यंत्र आज पांच-सातशे रुपयांस मिळतें, आणि आपण त्याकडे डोळे उघडून पाहतही नाहीं.

असो. मुलीनें विचारलेल्या प्रश्नाकडे पुन्हा वळूं. त्या दिवसापासून आम्हीं वसतिगृहांतील सहा जुन्या संगणकांवर हाच अभ्यास चालविला आहे. त्यावरून दिसून आलें तें असें कीं, 'वायफाय चालत नाहीं' हें एकच वाक्य लोक निरनिराळ्या पांच-सहा रोगांस लावतात, आणि रोगी कोणत्या पायरीवर अडला आहे हें न पाहतांच औषध देऊं लागतात. प्रथम पाहावें कीं, संगणकास कार्ड दिसतें काय. मुळींच दिसत नसेल तर कार्ड सैल बसलें असेल किंवा यूएसबीची खांच मेली असेल; दुसऱ्या खांचेंत लावून पाहण्यास पैसे पडत नाहींत. कांहीं डोंगल तर प्रथम लावतां स्वतःस रेडिओ म्हणून न सांगतां, ड्रायव्हर सांठविलेली एक लहान तबकडी म्हणून सांगतात. तीमधील ड्रायव्हर बसविला म्हणजे मग तें आपलें खरें रूप धारण करतें. हें ठाऊक नसलेला मनुष्य 'दुकानदारानें वायफायऐवजीं पेन ड्राइव्ह दिला' म्हणून भांडावयास जातो! असें भांडण आम्हीं प्रत्यक्ष पाहिलेलें आहे, आणि खरें सांगावयाचें तर भांडणारांत आम्हीही होतों.

कार्ड दिसतें, ड्रायव्हरही आहे, तरी जाळें दिसत नाहीं, अशा वेळीं रेडिओ बंद तर नाहीं ना हें पाहावें. लॅपटॉपवर विमानाचें चित्र असलेली एक कळ असते. ती चुकून दाबली जाते आणि घरांत हाहाकार होतो. कांहीं जुन्या लॅपटॉपांस कडेला एक सरकती कळ असते, ती तर कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. आमचे सहा संगणक लिनक्सवर चालतात. त्यांत 'आरएफकिल' ही आज्ञा दिली असतां रेडिओ आज्ञेनें बंद आहे कीं प्रत्यक्ष कळीनें बंद आहे, हें निरनिराळें सांगितलें जातें. पहिला प्रकार आज्ञेनेंच सुटतो. दुसऱ्यास बोटच लावावें लागतें.

त्यापुढची पायरी पत्त्याची. पासवर्ड बरोबर आहे, जोडलें गेल्याची खूणही दिसते, पण पान उघडत नाहीं. अशा वेळीं संगणकास मिळालेला आकडी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या अंकांनीं सुरू होत असेल, तर राउटरनें पत्ता दिलाच नाहीं आणि संगणकानें निरुपायानें स्वतःच एक घेतला, असें समजावें. घराबाहेर पाटी लागली, पण पोस्टमनच्या यादींत घर नाहीं, तशांतला हा प्रकार. राउटर बंद करून पुन्हा सुरू केल्यानें बहुधा हें निस्तरतें.

एका संगणकानें मात्र आम्हांस आठ दिवस छळलें. कार्ड उत्तम, पत्ता उत्तम, तरी एकही सुरक्षित पान उघडेना. आम्ही अडॅप्टर बदलला, दुसरा आणला, तोही तसाच. शेवटीं आठवीच्या एका मुलाचें लक्ष कोपऱ्यांतील तारखेकडे गेलें. संगणक पुष्कळ वर्षें मागें गेला होता! आंतील नाण्याएवढा सेल संपला होता. त्यामुळें दर वेळीं बंद करतांच घड्याळ मागें पडे, आणि आजच्या तारखेचीं प्रमाणपत्रें संगणकास 'अद्यापि न जन्मलेलीं' वाटत. सेल बदलला, काम झालें. अडॅप्टर बिचारा निरपराध होता.

अडॅप्टर विकत घेणाऱ्या पालकांसाठीं दोन शब्द. पेटीवरील नांव व नमुन्याचा क्रमांक तेवढा पाहून घेऊं नये. एकाच नमुन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तींत आंतील चिप अगदीं निराळी असूं शकते, आणि ड्रायव्हर लागतो तो चिपप्रमाणें, पेटीप्रमाणें नव्हे. लिनक्स वापरणारानें तर हें अधिकच जपावें. फार स्वस्त अडॅप्टर केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर पांचच्या पट्ट्यावर बोलत असेल तर त्यांस तो दिसणारही नाहीं. तसेंच २०१८ सालीं आलेली डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षापद्धति जुन्या अडॅप्टरांस समजत नाहीं. राउटर फक्त तीच मागत असेल तर पासवर्ड कितीही बरोबर टाकला तरी दार उघडत नाहीं.

जागेचाही विचार करावा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, पांचच्या पट्ट्यांतील लहरीची पांच ते सहा. लांब लहर भिंतींतून त्यांतल्या त्यांत बरी जाते. आंखूड लहर वेगवान, पण लवकर थकणारी. आमच्या शाळेची जुनी इमारत काळ्या दगडाची, भिंती हात-दीड हात जाड. तेथें पांचचा पट्टा एका वर्गापलीकडे पोंचत नाहीं, हें मुलांनीं पावलें मोजून ठरविलें आहे. लोखंडी कपाटामागें राउटर ठेवण्याची जी आपल्याकडे 'सुरक्षित जागा' म्हणून पद्धत आहे, ती सर्वांत वाईट. आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. यूएसबी ३ च्या खांचेंतून व तिच्यांत लावलेल्या डिस्कमधून जो विद्युत् गोंगाट निघतो तो नेमका २.४ च्या पट्ट्यांत पसरतो. इंटेल कंपनीनें २०१२ सालीं यावर टिपण प्रसिद्ध केलें होतें. डोंगल अशा डिस्कच्या शेजारीं लावल्यास त्यास राउटर ऐकूंच येत नाहीं. हातभर लांबीची जोडतार घेऊन डोंगल दूर ठेवलें कीं तेंच यंत्र शहाण्यासारखें वागूं लागतें.

येथवर वाचून कांहीं पालक म्हणतील, हें सारें खरें. पण मुलांच्या हातीं हें ज्ञान देणें म्हणजे चोराच्या हातीं किल्ली देणें. अभ्यास सोडून हीं मुलें दिवसभर त्यांतच राहतील. ही भीति निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. आमच्या ओळखीचे एक पालक डोंगल काढून खिशांत घालून रोज कचेरींत घेऊन जातात. त्यांच्या मुलाचे गुण त्यामुळें वाढले असें दिसलें नाहीं. त्यास शेजाऱ्यांचा पासवर्ड मात्र पाठ झाला. आम्हांस असें वाटतें कीं, किल्ली लपविण्यानें दार कोणाचें आणि केव्हां उघडावें हा विवेक येत नाहीं. ज्या मुलानें स्वतः अडॅप्टर बसविला, राउटरचा मूळचा पासवर्ड बदलला, कोणकोणतीं यंत्रें घरच्या जाळ्यावर आहेत याची यादी पाहिली, त्यास त्या जाळ्याविषयीं मालकाची जबाबदारी वाटूं लागते. रात्रीं दहानंतर जाळें बंद ठेवावयाचें असेल तर तेंही त्याच्याकडूनच करवावें. तो कुरकुर करील, पण निदान खिडकींतून शेजाऱ्यांकडे पाहणार नाहीं.

सांभाळण्याचा भाग बसविण्याहून मोठा आहे, आणि आपण त्यांतच कमी पडतों. रेल्वेच्या फलाटावर किंवा उपाहारगृहांत एकदां जोडलेलें उघडें जाळें संगणक पुष्कळ दिवस लक्षांत ठेवतो, आणि त्याच नांवाचें दुसरें जाळें भेटल्यास न विचारतां त्यास जाऊन मिळतो. म्हणून अशीं नांवें यादींतून पुसून टाकण्याची संवय लावावी. दुसरें, वीज वाचविण्यासाठीं संगणक अडॅप्टरास झोंपवितो, आणि कधीं कधीं तो परत जागा होत नाहीं; अडॅप्टरच्या गुणधर्मांतील ती परवानगी काढून घेतली कीं वर्गाच्या मध्यावर जाळें तुटण्याचें थांबतें. आमच्या शाळेंत तर निराळाच घोटाळा झाला. प्रत्येक अडॅप्टरास सोळांच्या पद्धतींतील बारा अंकांचा एक जन्मक्रमांक असतो. आमच्या राउटरमध्यें अशा क्रमांकांची यादी घालून तेवढ्यांसच प्रवेश दिलेला होता. नव्या संगणकांत मात्र खासगीपणासाठीं हा क्रमांक बदलून सांगण्याची सोय असते. तीन शिक्षकांचे लॅपटॉप महिनाभर दाराशीं उभे राहिले, आणि यादी करणारे आम्ही स्वतःच त्यांस आंत घेत नव्हतों!

गेल्या वर्षीं शिक्षकांच्या सभेंत या कामाचा वार्षिक ठेका बाहेर द्यावा असा ठराव आला होता. त्यास आम्हींही हात वर केला होता, हें येथें नमूद करतों. आज तो ठराव पुन्हा आला तर आम्ही विरुद्ध मत देऊं. ठेकेदार येतो, दहा मिनिटांत कांहीं करून जातो, आणि आपल्या हातीं पावती राहते. पुढल्या वेळीं पुन्हा तोच अंधार. केरळांत सरकारी शाळांसाठीं लिनक्सवर आधारलेली प्रणाली तयार करून ती शाळांतून वापरली जाते. तेथें जें राज्याच्या प्रमाणावर होतें, तें एका शाळेच्या प्रमाणावर होण्यास काय हरकत आहे? आमचे एक सन्मान्य सहकारी विचारतात कीं, याचे गुण कोणत्या विषयांत धरावयाचे. गुण धरूं नयेत, हेंच आमचें उत्तर. ज्या मुलीनें तो संगणक दुरुस्त केला, तिला विज्ञानाच्या चांचणींत बेताचेच गुण होते. ते देणारेही आम्हीच.

सध्यां प्रत्येक संगणकाशेजारीं एक चाळीस पानी वही दोरीनें बांधली आहे. अडॅप्टरमधील चिपचें नांव, ड्रायव्हर कोणत्या दिवशीं बसविला, काय बिघडलें, कोणी कसें शोधलें, हें मुलें तींत लिहितात. अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट; पण पहिल्या वहीचीं निम्मीं पानें भरलीं आहेत. ड्रायव्हरांच्या प्रती असलेला एक पेन ड्राइव्ह ग्रंथालयाच्या टेबलाच्या खणांत ठेवला असून पुस्तकाप्रमाणेंच तो सही करून नेतां येतो. महिन्यांतून एकदां आम्ही मुद्दाम एखादा अडॅप्टर कोठें तरी बंद करून ठेवतों आणि मुलांनीं तो शोधावा अशी अपेक्षा करतों. मागल्या खेपेस आम्हीं काय केलें होतें तें आम्हीच विसरलों, आणि मुलांनीं तेवढ्यांत दुसराच एक खरा बिघाड शोधून काढला.

पुढील सत्रापासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलींत तासभर हें काम चालेल. सहावीपासून पुढील कोणाही विद्यार्थ्यानें यावें. पालकांनीं आपले बंद पडलेले, अथवा बंद पडले असें सांगण्यांत आलेले, लॅपटॉप घेऊन येण्यास हरकत नाहीं; नवा घेण्याचें ठरलें असेल तर पैसे देण्यापूर्वींच यावें. येतांना चार्जर आणि मोबाइलची तार मात्र न विसरतां आणावी.